एदोतील ठेले, गिरणगावातील खानावळी आणि उसाचा फड

#धागा

महानगरांतील उपाहारगृहे जन्माला कशी येतात, हा या धाग्याचा विषय आहे. आरंभ जपानच्या राजधानीत होईल, मोठा मुक्काम मुंबईत पडेल आणि अखेरीस आपल्या बीड जिल्ह्यातील माणसांबरोबर उसाच्या फडावर जावे लागेल. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

जगातील सर्वाधिक उपाहारगृहे असणाऱ्या शहरांत टोकियोची गणना होते. एकेका पदार्थाला आयुष्य वाहिलेली तेथील दुकाने प्रसिद्ध आहेत. कोणी केवळ सुशी करतो, कोणी केवळ सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, कोणी केवळ तेम्पुरा. कित्येक दुकानांत जेमतेम आठ-दहा माणसे बसू शकतात. या वैविध्याचे श्रेय बहुतेक लेखक जपानी रसिकतेला देऊन मोकळे होतात. रसिकता आहे, यात शंका नाही. परंतु कागदपत्रे उलगडली की एक अगदी साधे कारण समोर येते. या शहरात दीर्घकाळ पुरुष फार होते आणि स्त्रिया फार थोड्या.

टोकियोचे जुने नाव एदो. १६०३ पासून ते तोकुगावा शोगुनांच्या सत्तेचे केंद्र होते. १६३५ मध्ये शोगुनाने नियम पक्का केला: प्रत्येक सरदाराने एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष एदोत काढावे. सरदाराची पत्नी व मुले एदोतच, जवळजवळ ओलीस म्हणून राहत. त्याच्याबरोबर येणारे शेकडो सामुराई मात्र आपली कुटुंबे गावी ठेवून येत. पुढे १६५७ मध्ये प्रचंड आग लागून शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. ते पुन्हा उभारण्यासाठी सुतार, गवंडी आणि हमाल देशभरातून लोटले. तेही एकटेच आले.

या आगीनंतर असाकुसा येथील मंदिराच्या परिसरात चहाच्या पाण्यात शिजवलेला भात, तोफूचे सार आणि लोणचे अशी थाळी विकणारी दुकाने निघाली. जपानमधील उपाहारगृहांचा प्रारंभ अभ्यासक या दुकानांपासून मानतात. १७२१ मध्ये एदोतील सामान्य नागरिकांची मोजणी झाली. सुमारे पाच लाख लोकांत सव्वातीन लाखांच्या आसपास पुरुष होते आणि स्त्रिया पावणेदोन लाखांच्या जवळपास. सामुराई या मोजणीत धरलेलेच नव्हते. त्यांना मिळवले तर तराजू आणखी कलंडतो.

अशा शहरात रस्त्यावर ठेले लागले नसते तरच नवल. सोब्याच्या शेवया, तळलेली मासळी, भाजलेली वाम मासळी हे सारे उभ्याउभ्या खाऊन कामावर पळणाऱ्यांचे अन्न होते. आज श्रीमंतीचे लक्षण मानली जाणारी सुशीही त्यातलीच. जुनी सुशी भातात मासा महिनोन्महिने मुरवून केली जाई. १८२० च्या दशकात हानाया योहेई याच्या नावाशी जोडली गेलेली नवी पद्धत रूढ झाली. शिर्का घातलेल्या भाताचा मुटका वळायचा आणि त्यावर माशाचा काप ठेवून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. महिन्यांचे काम मिनिटावर आले, कारण गिऱ्हाइकाला घाई होती आणि त्याच्या घरी चूल नव्हती.

घरी चूल नसणे, अथवा चूल असूनही तिच्यापुढे बसणारे कोणी नसणे, हे सूत्र हाती धरून आता मुंबईला येऊ.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. त्याच्या आगेमागे, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. पुढील दशकात लोहमार्ग बोरघाट चढून वर गेला. रत्नागिरीतून बोटीने आणि साताऱ्या-पुण्याकडून घाटमार्गे माणसे गिरणगावात उतरू लागली. शेतीचा तुकडा, म्हातारे आईबाप, बायको आणि मुले गावाकडे. कमावता पुरुष मुंबईत. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे सहाशेहूनही कमी स्त्रिया नोंदल्या गेल्या. एदोचीच गत.

चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा गडी राहत. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून एकाने उठावे आणि दुसऱ्याने त्याच वळकटीवर आडवे व्हावे. या माणसांना जेवू कोण घालणार? उत्तर त्याच चाळीत होते. ज्या थोड्या कामगारांच्या बायका मुंबईत होत्या त्यांनी, आणि पती निवर्तल्यावर गावी परतण्याची सोय नसलेल्या विधवांनी, आपली चूल इतरांसाठी पेटवली. महिन्याचा हिशेब ठरलेला. पैसे पगाराच्या दिवशी. हीच खानावळ. तिला पाटी नव्हती, टेबल नव्हते आणि बहुधा वेगळी जागाही नव्हती. भिंतीशी ताटे मांडली की उपाहारगृह सुरू झाले आणि उचलली की पुन्हा संसार.

मुंबईच्या खाद्येतिहासावरील लेखनाची सुरुवात बहुधा ताजमहाल हॉटेलपासून होते. १९०३ मधील ती वास्तू देखणी आहे, हे मान्य. परंतु हे शहर ज्यांनी चालवले ते या खोल्यांत जेवत होते आणि मुंबईचा खरा भटारखाना मी तरी याच खोल्यांना मानतो.

खानावळ एकसारखी नव्हती. कोकणी माणसाला भात आणि मासळीचे कालवण हवे; घाटावरच्याला भाकरी आणि तिखट आमटी. म्हणून कोकण्यांच्या खानावळी निराळ्या आणि घाट्यांच्या निराळ्या. गोव्याकडील ख्रिस्ती तरुण बोटींवर खलाशी, आचारी वा वाढपी म्हणून लागण्यासाठी येत. त्यांनी धोबीतलाव आणि माझगावच्या परिसरात गावागावांचे ‘कूड’ उभारले. एका गावाचा एक कूड, त्यात सामायिक प्रार्थनास्थान, ट्रंका ठेवण्याची जागा आणि रांधण्याची सोय. कचेरीतल्या नोकरदाराने तिसरा मार्ग काढला. घरचे अन्नच त्याने कामाच्या ठिकाणी मागवले. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याची व्यवस्था उभी केली, असे डबेवाल्यांची परंपरा सांगते. या धंद्यात मावळ-जुन्नरकडील तरुण आले.

येथे प्रश्न पडतो. शहरात इतकी माणसे एकटी आणि भुकेली होती, तर एकाच मोठ्या भोजनगृहात सर्वांनी का जेवू नये? प्रत्येक प्रांताची, प्रत्येक जातीची वेगळी ताटे कशासाठी? चवीचा आग्रह हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे समजण्यासाठी पुण्याला जावे लागते.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. यजमानांनी चहा-बिस्किटे पुढे केली. काहींनी ती घेतली, काहींनी केवळ कपाला हात लावला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापवून आणली आणि गदारोळ उडाला. नावांमध्ये न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. ग्रामण्य झाले, शंकराचार्यांकडे तक्रार गेली, चौकशी बसली आणि प्रायश्चित्तांचे वाद पुढे दीर्घकाळ चालले. उच्च न्यायालयापर्यंत पोहोचणाऱ्या विद्वानाला एका चहापायी प्रायश्चित्त घ्यावे लागत होते. मग गिरणीतल्या कामगाराने परजातीच्या हातचे जेवण्यापूर्वी दहा वेळा विचार केला, तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. बातमी गावी पोहोचली की बहिणीच्या लग्नाला पंगतीत कोण बसेल, ही चिंता त्याला खरीच होती.

म्हणूनच मुंबईतल्या आरंभीच्या मराठी उपाहारगृहांची नावे बारकाईने वाचावीत. दादरला १९१० मध्ये सुरू झालेले ‘मामा काणे यांचे स्वच्छ उपाहारगृह’ पाहा. त्याच भागात ‘तांबे आरोग्य भुवन’. स्वच्छ, शुद्ध, आरोग्य, पवित्र या शब्दांत टापटीप होतीच. पण आत कोण रांधतो, याची हमीही होती. ब्राह्मण आचाऱ्याच्या हातचे बहुतेक जातींना चालत असे, त्यामुळे ही हमी धंद्याच्याही फायद्याची ठरे. काळबादेवीतील गुजराती भोजनालये, मोहम्मद अली रस्त्यावरील नल्ली-निहारीची दुकाने, लालबाग-परळमधील मालवणी खानावळी असा जो नकाशा आज खवय्ये कौतुकाने हिंडतात, तो प्रथम कोणी कोणाकडे जेवायचे नाही, या नियमांचा नकाशा होता. वैविध्याची ही मुळे ठाऊक असलेली बरी.

या नकाशावर पहिली मोठी फट इराण्यांनी पाडली. यझ्द आणि केरमान या भागांतून आलेले हे झरथुष्ट्री एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी मुंबईत स्थिरावले. रस्त्यांच्या कोपऱ्यांवरील जागा त्यांनी घेतल्या. हिंदू दुकानदार कोपरा अशुभ मानत म्हणून त्या स्वस्तात मिळाल्या, असे सांगतात. मला ही कथा जरा जास्तच सोयीची वाटते. दोन रस्त्यांवरचे गिऱ्हाईक मिळवून देणारी जागा कोणता व्यापारी सोडील? ते काही असो. संगमरवरी माथ्याची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, बरणीत खारी आणि नानकटाई, ब्रून पावावर मस्का आणि दाट चहा. धोबीतलावचे कयानी १९०४ मधील, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ मधील. ‘हे करू नये, ते करू नये’ अशा सूचनांच्या पाट्या इतक्या की निसीम इझिकेल यांना त्यांवर कविता सुचली.

इराण्याच्या टेबलाचे ऐतिहासिक महत्त्व चहात नाही. पंगतीत आपण कोणाशेजारी बसणार, हे आधी ठरलेले असते. इराण्याकडे ते दाराशी ठरत असे. जागा रिकामी दिसली की बसायचे. समोरचा कोण, हे विचारण्याची रीत नव्हती आणि इराण्यालाही त्यात रस नव्हता. पहिल्या पाळीआधी पहाटेच त्याचे दार उघडे असे. गिरणी कामगार, कारकून, नाटकवाला आणि कामाच्या शोधातला उपाशी तरुण तेथे एकाच टेबलाशी आले. एका कपावर तासभर बसू देणारा इराणी पुढे दंतकथाच झाला.

तरीही मुंबईबद्दल फार भाबडे होऊ नये. याच काळात गिरण्यांतल्या विणखात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकाव नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि उष्ट्याचा विटाळ मानला जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय उघडपणे मांडला. शहराबाहेर तर कपाचाच प्रश्न होता. गावोगावच्या चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असे. ती त्यांनीच उचलायची आणि त्यांनीच विसळायची.

अशा काळात, १९२० च्या सुमारास, कोल्हापुरात एक हॉटेल निघाले. माझ्या मते महाराष्ट्रातील उपाहारगृहांच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी घटना आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी सेवेत होते. सवर्णांच्या पाण्याला स्पर्श केला म्हणून तेथील काही नोकरांनी त्यांना बेदम मारहाण केली. महाराजांकडे तक्रार गेली. मारणाऱ्यांना शिक्षा झाली. परंतु महाराजांनी तेवढ्यावर प्रकरण मिटवले नाही. गंगाराम यांना नोकरीच्या दावणीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले आणि त्यासाठी साहाय्य दिले. गंगाराम यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल थाटले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’.

हॉटेल उत्तम, टापटिपीचे. पण गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा पिणार कोण? महाराजांच्या कानी हे गेले. मग त्यांची गाडी भाऊसिंगजी रस्त्याने जाताना हॉटेलपाशी थांबू लागली. महाराज चहा मागवीत, स्वतः पीत आणि सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजत. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाकारण्याची छाती कोणाची? हुकूमनामे अनेक राजांनी काढले आहेत आणि शाहू महाराजांनीही सार्वजनिक ठिकाणे सर्वांना खुली करणारे आदेश काढलेच. पण कागदावरचा आदेश एकीकडे आणि भर रस्त्यात, दहा जणांच्या देखत ओठांना लावलेला कप एकीकडे. पुण्याच्या ग्रामण्याला तीस वर्षे होत होती, हे ध्यानात घ्या. तेव्हा चहा प्यायल्याची शिक्षा झाली होती. येथे चहा प्यायला लावून शिक्षेचे मूळच उपटले जात होते. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले. त्यानंतर गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेऊन नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभे केले.

यानंतरचे टप्पे भराभर सांगतो. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. १९३३ मध्ये रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांनी तेथे अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहण्यास आले असता, तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून स्थानिकांनी त्यांना अडवले. पाण्यावरचा पहारा कोणा एका धर्माचा वा राज्याचा मक्ता नव्हता.

भारतीय संविधानाचा पंधरावा अनुच्छेद हाताशी असेल तर उघडून पाहा. दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांतील प्रवेशाचा तेथे नाव घेऊन उल्लेख आहे. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा आणखी खोलात जातो आणि उपाहारगृहातील भांड्यांच्या वापरास मनाई करणे हा गुन्हा ठरवतो. कायदा करणाऱ्यांना वळचणीची कपबशी चांगली ठाऊक होती.

मुंबईत दरम्यान नवे लोक येतच होते. दक्षिण कर्नाटकातील उडुपीकडील तरुणांनी माटुंग्याला इडली-डोशाची हॉटेले काढली. ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ मधील. हॉटेलात कपबशा विसळणारी पोरे रात्री कानडी रात्रशाळांत शिकत आणि त्यांतलेच काही पुढे हॉटेलमालक झाले. फाळणीनंतर पंजाबी निर्वासित आले. ‘कोळंबी कोळीवाडा’ हा पदार्थ नावावरून कोळ्यांचा वाटतो. प्रत्यक्षात तो शीव कोळीवाड्यातील निर्वासितांच्या वस्तीत पंजाबी हातांनी तळला गेला. नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लबच्या भटारखान्यात केलेले चिकन मंचुरियन चीनमध्ये कोणाला ठाऊक नव्हते. वडापावाचे श्रेय १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिले जाते. त्याच वर्षी शिवसेना स्थापन झाली आणि पुढील काळात तिच्या दाक्षिणात्यविरोधी आंदोलनाची झळ उडुपी हॉटेलांना बसली. मुंबईकराने मात्र डोसा सोडला नाही.

खानावळवाल्या बायकांकडे आता परत वळू, कारण इतिहासाने त्यांच्याकडे फारसे पाहिलेले नाही. त्यांचा धंदा उधारीवर चाले. कामगार महिनाभर जेवणार आणि पैसे नंतर देणार. किराणा मात्र आजच आणावा लागणार. दुकानदार उधार देई, पण भाव चढा लावी, आणि सावकाराचे व्याज निराळे. संप झाला की कामगाराचा पगार थांबे, त्याचे जेवण थांबत नसे. गिरणी कामगारांच्या संपांच्या कथा आपण वाचतो, पुढाऱ्यांची नावे पाठ असतात. त्या संपांना महिनोन्महिने भाकरी कोणी पुरवली, हे विचारले तर बहुतेक ग्रंथ गप्प बसतात.

ते विचारले प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यात झुंजलेल्या या कार्यकर्त्या गिरणगावात कामगार चळवळीत काम करत होत्या. खानावळवाल्या चोवीस तास राबतात आणि तरीही कर्जातून सुटत नाहीत, हे त्यांनी पाहिले. बँकांचे १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले होते; त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे नेते होते. तारण नसलेल्या, पुष्कळशा निरक्षर अशा या बायकांना गटाच्या हमीवर बँकेचे कर्ज मिळवून देण्याचा प्रयत्न सुरू झाला आणि त्यातून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. बँकेच्या दृष्टीने खानावळ हा प्रथमच व्यवसाय ठरला. तोवर ती ‘बाई चार माणसांचे करते’ एवढीच गोष्ट होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो रीतसर कधी संपलाच नाही. कामगार गावी परतले. ताटे मांडायची तर कोणासाठी? गिरणगावातील खानावळ गिरणीबरोबरच ओसरली. राज्यकर्त्यांनी पुढे स्वस्त जेवणाच्या योजना आणल्या. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर आली, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी. त्यांचा इतिहास निराळा आणि बराचसा राजकीय आहे. तो पुन्हा केव्हातरी.

एकट्या पुरुषांमागे खानावळ येते, हा नियम एकविसाव्या शतकातही टिकला. त्याचा दाखला पुन्हा टोकियोतच सापडतो. २००० च्या आसपास संगणक क्षेत्रातले भारतीय अभियंते त्या शहराच्या पूर्वेकडील एदोगावा प्रभागात, निशिकासाई भागात राहू लागले. अनेक जण शाकाहारी, अनेक जण एकटे. तेथे आधीपासून राहणारे चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी त्यांच्या जेवणाची सोय केली आणि त्यातून भारतीय उपाहारगृह उभे राहिले. आज त्या परिसरात भारतीय पदार्थांची दुकाने आणि उपाहारगृहे बरीच आहेत. २०१९ मध्ये त्याच प्रभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. सामुराई, विणकर, संगणक अभियंता: तिघांची भूक एकच आणि तिला मिळालेले उत्तरही एकच.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बीडची माणसे गिरण्यांकडे कोकण-साताऱ्याइतकी गेली नाहीत. मुंबई ही आपली राजधानीच मुळी १९५६ मध्ये, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर झाली. आपले मोठे स्थलांतर निराळ्या दिशेने घडले. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात कारखाने उभे राहिले आणि त्यांना ऊस तोडणारे हात लागले. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू शेती ते हात पुरवू शकत होती. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ फार वाढला. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज... दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे रिकामी होतात आणि माणसे थेट कर्नाटकापर्यंत जातात.

लाखो माणसे, सहा-सहा महिने, घरापासून शेकडो किलोमीटर दूर. एदो आणि गिरणगावचा अनुभव पाहता फडाफडांवर खानावळी उभ्या राहायला हव्या होत्या. तशा त्या राहिल्या नाहीत. का?

उत्तर ‘कोयता’ या शब्दात आहे. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. गिरणीने कमावता पुरुष उचलला आणि रांधणारी स्त्री गावी ठेवली. म्हणून गिरणगावात रांधणे विकत घ्यावे लागले, त्याला किंमत आली, अखेर बँकेचे कर्जही मिळाले. साखर कारखानदारीने दोघांनाही उचलले. चूल सोबतच आली, फुकट आली, आणि म्हणून ती कोणाच्या हिशेबात धरली गेली नाही.

ही चूल तीन दगडांची असते. कोपीच्या दाराशी, उघड्यावर. बाई पहाटे तीन-साडेतीनला उठते, पाणी आणते आणि गावाहून आणलेल्या बाजरी-ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापते. त्याच भाकरी दिवसभर पुरवायच्या असतात. सोबत ठेचा, फार तर कोरड्यास. मग उजाडण्यापूर्वी फड. मजुरी टनावर मिळते. ऊस किती तोडला ते काट्यावर मोजले जाते. भाकरी किती थापल्या, हे मोजणारा काटा नाही. दिवस मोडला तर मजुरी जाते, वर खाडा भरावा लागतो, म्हणून आजारपण अंगावर काढले जाते. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने केली. आपल्या जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. कारणे अनेक आहेत. परंतु पहाटेची चूल आणि दिवसाची मोळी एकाच शरीराने वाहणे हे त्यांतून वगळता येणार नाही.

शेवटची एक कायद्याची नोंद करून थांबतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४६ व्या कलमानुसार, अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला उपाहारगृह चालवण्यास राज्य सरकार भाग पाडू शकत असे. साखर कारखान्याच्या आवारात म्हणूनच कँटीन दिसते. ऊसतोड कामगार मात्र कागदोपत्री कारखान्याचा नसतो; त्याचा करार मुकादमाशी असतो. त्यामुळे उसाने भरलेली गाडी घेऊन गव्हाणीच्या रांगेत रात्रभर थांबलेली जोडी त्याच आवारात, गाडीच्या जुवाशेजारी फडके सोडते आणि पहाटे थापलेली भाकरी खाते.